तिसऱ्या गिअरची साक्ष

दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसपाशी सुरू होतो आणि जवळजवळ सरळ रेषेत इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला जाऊन मिळतो. कॅनॉट प्लेसच्या अंगाला, टॉल्स्टॉय मार्गाच्या चौकाच्या आसपास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कचेऱ्यांच्या उंच इमारती आहेत. हिंदुस्तान टाइम्सची इमारत याच रस्त्यावर आहे आणि चार्ल्स कोरियांनी रचलेली ब्रिटिश काउन्सिलचीही. फिरोजशाह रोड ओलांडून इंडिया गेटकडे जावे तसा रस्ता मोकळा होत जातो. झाडे, रुंद पदपथ, मागे सरकलेल्या भिंती. नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर आहे. आता समजा, घरच्या गॅरेजमध्ये नुकतीच बांधून पुरी झालेली, छत नसलेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार या रस्त्याने ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. उंच इमारतींच्या पट्ट्यात सायलेन्सरचा आवाज दोन्हीकडच्या भिंतींवरून परत येतो आणि बाकी सगळे झाकून टाकतो. मोकळ्या पट्ट्यात तो परत येत नाही आणि मग आसनाच्या मागून येणारी एक बारीक, सलग ‘कूं’ ऐकू येऊ लागते. चालवणारा सांगेल की आवाज फिरोजशाह रोडनंतर सुरू झाला. प्रत्यक्षात तो आधीपासून होताच, फक्त त्याच्यावरचे पांघरूण निघाले. गाडीच्या आवाजाविषयी माणूस जे पहिले वाक्य बोलतो, ते बहुतेक वेळा आवाजापेक्षा ऐकण्याच्या परिस्थितीचे वर्णन असते. म्हणून या प्रकरणात आवाज कसा आहे हा प्रश्न मी मागे ठेवणार आहे. तो कशाबरोबर बदलतो, हा प्रश्न पुढे घ्यायचा आहे.

ही गाडी म्हणजे किट कार, सुट्या भागांच्या संचातून मालकाने किंवा छोट्या कार्यशाळेने जोडलेली गाडी. या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनमुळे. १९५७ साली आलेली ही गाडी इंग्लंडमध्ये सुट्या भागांत विकत घेतली की पूर्ण गाडीवरचा खरेदी कर वाचत असे. १९७३ मध्ये तिकडे करपद्धती बदलली, ती सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हन बांधण्याचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. गाडीची घडण मात्र जगभर पसरली: नळ्यांचा हलका सांगाडा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि अंगावर जेमतेम पत्रा किंवा फायबरग्लास. आपल्याकडे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने याच घडणीची रोडस्टर बांधली. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा आणि अ‍ॅम्बेसेडरमुळे इसुझूची ही इंजिने भारतीय मेकॅनिकांना चांगली ठाऊक होती. अशा गाडीतला एकेक भाग पाहिला तर त्यात नवखे काहीच नसते. इंजिन, गिअरबॉक्स, मागचे हाउसिंग हे सगळे आधी कुठल्या ना कुठल्या मूळ गाडीत हजारो किलोमीटर मुकाट चाललेले असते. नवे असते ते त्यांचे एकमेकांशी असलेले अंतर, कोन, मधली मोकळीक आणि त्यांना धरून ठेवणारे आधार. माझे म्हणणे एवढेच आहे की नव्या किट कारमधला आवाज शोधताना भागांवर संशय घेण्याआधी या जोडणीवर संशय घ्यावा. आणि जोडणीतला दोष कानापेक्षा हिशेबाने लवकर सापडतो.

हिशेब अगदी शाळेतला आहे. टायर एका फेऱ्यात १.८५ मीटर जातो असे धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ९ फेरे घेते. मागच्या हाउसिंगमध्ये क्राउनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, ३९ दाते आणि पिनियनला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाला, १० दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा, ३.९ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३५. शाफ्ट असमतोल असेल तर तो फेऱ्याला एकदा, सेकंदाला ३५ वेळा हिसका देईल. शाफ्टच्या टोकाच्या क्रॉसचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा, कोन चुकला असेल तर त्रास फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला ७० वेळा होईल. पिनियनचा दात क्राउनच्या दाताला फेऱ्याला दहा वेळा भेटतो, म्हणून तिथला सूर सेकंदाला ३५१ कंपनांचा असेल. एकाच वेगाला ९, ३५, ७० आणि ३५१ असे चार आकडे मिळाले आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे. शरीरालाही ते वेगळे जाणवतात. ९ चा थरकाप स्टिअरिंगला किंवा मागच्या अंगाला येतो, कानाला ऐकूच येत नाही. ३५ चा फरशीतून आणि आसनातून येतो. ७० चा बंद जागेत कानावर दाब आल्यासारखा घुमतो. ३५१ चा मात्र चक्क सूर असतो. हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली पांढरी चार वाजवली तर तिची कंपने सेकंदाला सुमारे ३४९ असतात. घरात पेटी असेल तर ताशी ६० ला ऐकलेला सूर पेटीवर जुळवून पाहता येतो. पांढरी चार जुळली तर वरच्या उदाहरणातल्या गाडीत बोट क्राउन-पिनियनकडे दाखवता येते. वेग ३० वर आणला की तोच सूर खालच्या सप्तकातल्या पांढऱ्या चारवर उतरला पाहिजे. तसा उतरला नाही, तर तो सूर तिथला नाही. या सगळ्यात एक अट आहे: वेग खरा हवा. किट कारमध्ये स्पीडोमीटरची केबल मूळ गाडीच्या टायरच्या आणि हाउसिंगच्या मापाची असते आणि दोन्ही बदललेले असल्याने काटा सर्रास खोटे सांगतो. फोनवरचा उपग्रहाधारित वेग या कामासाठी अधिक विश्वासाचा.

आता एक अडचण येते आणि कितीतरी गॅरेजांमधले दिवस तिच्यात वाया जातात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक पाच गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. वरच्या उदाहरणात चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० ला इंजिन मिनिटाला साधारण २,१०० फेरे घेते आणि स्फोट होतात सेकंदाला ७०. क्रॉसचा त्रासही नेमका ७०. दोन अगदी वेगळ्या ठिकाणांहून आलेले आवाज एकाच आकड्यावर बसतात. जगातला सर्वांत तयार कानही त्यांना वेगळे काढू शकत नाही, कारण वेगळे काढण्यासारखे त्यांच्यात काही उरलेलेच नसते. उपाय सोपा आहे. वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकायचा. तिसऱ्याचे प्रमाण १.४ असेल तर इंजिन २,९५० फेऱ्यांवर जाते, स्फोट सेकंदाला ९८ होतात. पण गाडीचा वेग न बदलल्याने शाफ्ट तिथेच राहतो आणि क्रॉसचा आकडा ७० चा ७०. घुमणे गिअरबरोबर वर सरकले तर ते इंजिनाकडचे, जागचे हलले नाही तर गिअरबॉक्सच्या मागचे. आक्षेप असा घेता येईल की तिसऱ्या गिअरमध्ये ताकद गिअरबॉक्समधल्या खालच्या दुय्यम शाफ्टवरून, म्हणजे ले-शाफ्टवरून जाते, तिथे नवे दाते कामाला लागतात आणि एक नवाच आवाज मिसळतो. हे खरे आहे. उलट म्हणूनच ही चाचणी दुप्पट उपयोगी. थेट चौथ्यात ले-शाफ्ट फिरतो पण ओझे वाहत नाही. एखादी घरघर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात येत असेल आणि चौथ्यात नाहीशी होत असेल, तर ले-शाफ्टच्या बेअरिंगांखेरीज दुसरीकडे पाहण्याचे फारसे कारण उरत नाही. त्यानंतर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिन त्याच २,९५० फेऱ्यांवर न्यावे. आवाज उभ्या गाडीतही आला तर शाफ्ट, क्रॉस आणि हाउसिंग तिघेही सुटले. उभ्या गाडीतच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. क्लच दाबला नसताना खडखड आणि दाबल्यावर शांतता, असे असेल तर ती गिअरबॉक्समधल्या मोकळ्या दात्यांची. हलके केलेले फ्लायव्हील किंवा स्प्रिंग नसलेली क्लच प्लेट घातली की इंजिनाचे हिसके सरळ त्या दात्यांपर्यंत पोचतात. क्लच दाबल्यावर सुरू होणारी सूं-सूं मात्र बहुधा रिलीज बेअरिंगची.

जोडणीचा दोष म्हणजे काय, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्रॉसच आहे. रॉबर्ट हूक यांनी १७व्या शतकात या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला हूकचा सांधाही म्हणतात. त्याचा स्वभाव असा की सांध्यात कोन असेल तर एका बाजूने एकसमान गतीने फिरवलेला शाफ्ट दुसऱ्या बाजूला एकसमान फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे राहतो. ३ अंशांच्या कोनाला हा चढउतार एकूण ०.२७ टक्के असतो. १० अंशांना तो ३ टक्क्यांच्या वर जातो. कोन तिप्पटीहून थोडा जास्त झाला, पण त्रास अकरा पट झाला. सेव्हनच्या घडणीच्या गाडीत हे का घडते ते नकाशावर लगेच दिसते. इंजिन मागे सरकवलेले, गाडी जमिनीलगत, गिअरबॉक्स जवळजवळ आसनांच्या मध्ये. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो. मूळ गाडीतल्या लांब शाफ्टला दोन-तीन सेंटिमीटरची उंची फारशी कळत नाही, आखूड शाफ्टला तीच उंची मोठा कोन देते. दोन्ही टोकांना क्रॉस असले की एकाने केलेला चढउतार दुसरा पुसून टाकतो, पण दोन अटींवर: गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा अक्ष समांतर हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात हवेत. दुसरी अट मोडणे फार सोपे आहे. सरकत्या सांध्याच्या खाचा एखाददोन घर चुकवून बसवल्या की काटे वाकडे होतात आणि पुसला जाण्याऐवजी चढउतार वाढतो. इथे प्रत्येक भाग निर्दोष असतो. क्रॉस नवा, शाफ्ट सरळ, पिनियन ठीक; तरीही गाडी ताशी ६० ला घुमते. नवीन क्रॉस आणून बसवले तर घुमणे तसेच राहते आणि मालक समजतो की बाजारात खोटा माल मिळाला. शून्य कोन ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण मग क्रॉसच्या कपांतल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात. एखाद-दुसरा अंश असावा आणि दोन्हीकडे सारखा असावा. त्यासाठी लागते एक कोनमापक, सपाट जमीन आणि गाडीत बसलेली दोन माणसे; कारण मागचे हाउसिंग सांगाड्याला कसलेले नसेल तर ते स्प्रिंगांवर खालीवर होते आणि रिकाम्या गाडीचा कोन भरलेल्या गाडीचा नसतो. याच कारणाने गाडी स्टँडवर उचलून, मागची चाके लोंबकळत ठेवून इंजिन चालवू नये. त्यात धोका आहे हे तर आहेच, शिवाय लोंबकळत्या हाउसिंगचा कोन रस्त्यावर कधीच नसतो आणि त्या अवस्थेतला आवाज खोटी साक्ष देतो.

क्राउन-पिनियनची गोष्ट अधिक नाजूक आहे आणि इथे माझ्या म्हणण्याला एक अपवादही मान्य करावा लागतो. कारखान्यात ही जोडी एकमेकींवर घासून तयार केलेली असते, दोघींवर जुळणारा क्रमांक असतो आणि त्यांची ताटातूट करायची नसते. दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारातून आणलेल्या हाउसिंगमध्ये एकीचा क्राउन आणि दुसरीचे पिनियन असेल तर दोष भागांचाच, शिम, म्हणजे अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या, कितीही बदलल्या तरी तो जाणार नाही. पण जोडी खरी असेल तर मग पुन्हा जोडणीकडे यावे लागते. दात्यांमधली मोकळीक, जिला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात, ती अनेक गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. पिनियन क्राउनच्या दिशेने किती आत आहे, हे शिमवर ठरते. पिनियनच्या बेअरिंगांवर थोडा ताण द्यावा लागतो आणि तो कमी पडला तर ओझ्याखाली पिनियन मागे सरकते व दात कडेवर चालू लागतात. हे ऐकून ओळखण्याची रीत अशी: अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर सूर आला आणि सोडल्यावर गेला, तर दाताची पुढच्या दिशेची बाजू चुकीच्या जागी टेकते आहे; उलट झाले तर मागच्या दिशेची. दोन्ही वेळा सारखाच येत असेल आणि न्यूट्रल टाकून गाडी सोडली तरीही राहत असेल, तर दात्यांपेक्षा बेअरिंग आणि टायर यांच्यावर संशय धरावा. ऐकल्यानंतर पाहावे. दात्यांना खुणेचा रंग लावून जोडी हाताने फिरवली की टेकण्याचा ठसा उमटतो. तो दाताच्या मध्याच्या आसपास असावा, कडेला किंवा टोकाला नव्हे. या ठशावर माझा कोणत्याही कानापेक्षा अधिक विश्वास आहे. आणि एक गोष्ट आवाजाच्या आधी तपासावी ती म्हणजे ऑइल. या प्रकारचे दाते एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना जीएल-५ प्रतीचे ऑइल लागते. ते भरण्याचा आळस करून गिअरबॉक्सचेच ऑइल इकडे ओतले, किंवा इकडचे तिकडे ओतून पितळी सिंक्रो-रिंगांना त्रास दिला, असे प्रकार घडतात.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. समजा, क्राउन-पिनियन मूळ गाडीत होते तेव्हा किट कारचा मालकच ती गाडी चालवत होता आणि काही ऐकू येत नव्हते. हाउसिंग उघडलेलेही नाही. मग नव्या गाडीत सूर कुठून आला? जोडणी बिघडली असे म्हणावे, तर आतल्या जोडणीला कुणी हातच लावलेला नाही. माझ्या मते या प्रश्नातच उत्तर आहे. सूर पहिल्यापासून होता. सगळ्याच क्राउन-पिनियनमध्ये थोडा असतो. मूळ गाडीत त्याच्या वाटेत रबर होते: फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या आधारांचे, स्प्रिंगांच्या बुशांचे, जमिनीवरच्या जाड चटयांचे आणि मागच्या आसनाचे. किट कारमध्ये डिफरेन्शिअल पुष्कळदा थेट सांगाड्याला बोल्टने कसलेले असते, फाउंडेशनला मऊ रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन असते आणि सांगाड्यावर ताणून बसवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे व फायबरग्लासची अंगे आवाज पसरवायला टपलेली असतात. म्हणजे जोडणीचे दोन प्रकार मानावे लागतात: आवाज निर्माण करणारी आणि आवाज वाहून नेणारी. पहिलीतला दोष गाडी खातो. दुसरीतला फक्त ऐकू येतो. दोन्हींत फरक कसा करायचा? पूर्ण खात्रीची एकच खूण नाही, पण काही खुणा एकत्र आल्या की निर्णय घेता येतो. पत्र्याने वाहिलेला आवाज एका अरुंद पट्ट्यात, समजा ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या मध्ये, एकदम उसळतो आणि पुढे वेग वाढला तरी कमी होतो, कारण तो पत्रा त्या कंपनालाच साथ देतो. पत्र्यावर हात दाबला किंवा आतून जड चिकटपट्टी लावली की आवाज बदलतो. दात्यांतला दोष वेगाबरोबर आणि त्याहून जास्त ओझ्याबरोबर वाढत जातो, हाउसिंग नेहमीपेक्षा जास्त तापते आणि ऑइल काढले की लोहचुंबकाच्या बुचावर बारीक भुकटीऐवजी चकचकीत कण दिसतात. भुकटी क्षम्य आहे, कण नाहीत. दुसऱ्या प्रकारचा आवाज मुद्दाम तसाच ठेवण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. पण तो अधिकार पहिल्या प्रकाराची तपासणी केल्यानंतरचा आहे. ‘किट कार आहे, आवाज येणारच’ हे वाक्य तपासणीआधी उच्चारले गेले की त्याच्या आड खरेखुरे दोष लपतात आणि हे मला फार घातक वाटते.

‘थोडे पळू द्या, आवाज बसेल’ हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. नवे दाते पहिल्या काही शे किलोमीटरांत एकमेकांना गुळगुळीत करतात, नवी बेअरिंगे रुळतात, क्लच प्लेट बसते. पण चुकलेली शिम पळून बरोबर होत नाही, चुकलेला कोन तर मुळीच नाही. चुकीच्या जागी टेकणारा दात रुळतो म्हणजे चुकीच्या जागीच झिजतो. मग नंतर शिम सुधारली तरी जोडी वाया गेलेली असते. म्हणून रुळण्याच्या काळात गाडी चालवायची ती आवाजाची नोंद ठेवत. ठरावीक वेगाला, ठरावीक गिअरमध्ये आवाज आठवड्यागणिक उतरत असेल तर ठीक, जागच्या जागी असेल तर उघडून पाहावे, चढत असेल तर गाडी थांबवावी. तिसरा आक्षेप अनुभवी मेकॅनिकांचा आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. लांब पेचकसाचे टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून कोणते बेअरिंग गेले हे सांगणारी माणसे दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजाराभोवती आणि आपल्याकडच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांचा कान खरा आहे. पण तो घडला आहे एकाच प्रकारच्या शेकडो गाड्या ऐकून. अ‍ॅम्बेसेडरचे हाउसिंग कसे वाजावे हे त्याला माहीत असते, म्हणून कसे वाजू नये हेही कळते. किट कार जगात एकटीच असते. तिच्यासारखी दुसरी नाही, त्यामुळे तुलना करायला आठवणीत काही नाही. तोच कान आधी हिशेबाने जागा अरुंद करून दिली तर अचूक काम करतो, आणि उत्तम निदान या दोघांच्या एकत्र येण्यातून होते. फोनवर आवाजाचा आलेख काढणाऱ्या अ‍ॅपबद्दलही हेच म्हणता येईल. ते ३५१ वर टोक दाखवील. पण पिनियनला १० दाते आहेत हे ज्याने मोजून लिहून ठेवलेले नाही, त्याला त्या टोकाचा काय उपयोग? जोडणी चालू असताना, हाउसिंग उघडे असताना, प्रत्येक दातेरी चाकाचे दाते मोजून वहीत लिहावेत. नंतर ही माहिती मिळवायला सगळे पुन्हा खोलावे लागते.

चाकांची बेअरिंगे हा विषय लवकर आटोपतो, पण कस्तुरबा गांधी मार्गाच्या इंडिया गेटकडच्या टोकाला त्याची एक गंमतशीर अडचण आहे. वळणावर बाहेरच्या चाकावर ओझे येते. इंडिया गेटभोवतीचा रस्ता आपल्याकडच्या कुठल्याही गोल चौकासारखा घड्याळाच्या दिशेने जातो, म्हणजे गाडी सतत उजवीकडे वळत राहते आणि डाव्या चाकांवर भार येतो. डावे बेअरिंग खराब असेल तर तिथे घरघर वाढेल. उजवे खराब असेल तर त्याच रस्त्यावर ती कमी होईल, आणि चालवणारा समाधानाने घरी जाईल. गोल चौकांची नवी दिल्ली या बाबतीत एकतर्फी साक्षीदार आहे. उजव्या बाजूसाठी लांब डावे वळण मुद्दाम शोधावे लागते. टायरचा आवाज मात्र वळणाने फारसा नाही, पण पृष्ठभागाने बदलतो. डांबरावरून सिमेंट काँक्रीटवर गेल्यावर ज्याचा पोत बदलला, तो आवाज रबराचा.

रस्त्यावर नव्याने आणायच्या गाडीला आवाजाची सरकारी परीक्षाही असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या प्रकारच्या गाडीची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेत व्हावी लागते. त्या संस्थांत पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि दिल्लीला जवळ अशी मानेसरची आयकॅट यांचा समावेश आहे. मूळ निर्मात्याच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल करून गाडी चालवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला असल्याने घरगुती जोडणीची कागदपत्रे हा वेगळाच खडतर रस्ता आहे. पण ज्याला ही परीक्षा पास झाली की आवाजाचा प्रश्न मिटला असे वाटते, त्याने एक पाहावे. धावत्या गाडीच्या चाचणीत ध्वनिग्राहक गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर असतो आणि मोजला जातो तो सगळ्या आवाजांचा मिळून एक आकडा. त्यात सायलेन्सरचा वाटा मोठा असतो. आतल्या आत दात कडेवर चालत असला, तरी त्याची बारीक ‘कूं’ त्या आकड्यात सहज बुडून जाते. परीक्षा शेजाऱ्यांच्या कानासाठी आहे, पिनियनसाठी नाही.

शेवटी एका आवाजाला निर्दोष सोडले पाहिजे, कारण नव्या मालकांना तोच आधी घाबरवतो. रिव्हर्स टाकून गाडी मागे घेताना येणारी मोठी, चढत जाणारी ‘घूंऽऽ’. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात, त्यामुळे एक दात पूर्ण सुटण्याआधी दुसरा धरलेला असतो आणि ओझे हळूहळू हातबदल करते. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचे दाते पुष्कळदा सरळ कापलेले असतात, कारण मधले चाक सरकवून गुंतवायला ते सोपे पडतात. सरळ दात एकदम धरतो आणि एकदम सोडतो, म्हणून ओरडतो. अ‍ॅम्बेसेडरसारख्या जुन्या गाड्या गल्लीतून मागे येताना हाच आवाज करत आणि तो गल्लीभर ऐकू जाई. किट कारमध्ये तो मोठा वाटतो, कारण गिअरबॉक्स कोपरापाशी आहे आणि मध्ये फक्त एक पातळ पत्रा आहे. तो ओरडाच राहिला आणि खरखर झाली नाही, तर त्याला हात लावू नये.